चेसी तेवढी बघून सांगा

"इंजिन आम्ही ऐकलं, टायर चांगले आहेत, गाडी पसंत आहे. चेसी तेवढी बघून सांगा." सेकंडहँड थार किंवा जिप्सी घ्यायला निघालेल्या माणसाचा फोन साधारण असाच येतो. तोवर माणूस मनाने त्या गाडीत जाऊन बसलेला असतो, टोकन दिलेलं असतं, एखाद्याने तर मित्रांना पार्टीसुद्धा कबूल केलेली असते. माझ्याकडून त्याला हवा असतो फक्त होकार. चेसीखाली घुसून बाहेर आलेल्या माणसाने नुसती मान हलवली की व्यवहार पूर्ण. अडचण एवढीच, की मान आडवी हलली तर तोच माणूस माझ्याशी वाद घालायला लागतो, आणि ज्याची गाडी विकायची असते तो शेजारी उभा राहून हसत असतो.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं चेसीचं काम आहे. शिकलो उसाच्या ट्रकवर. हंगाम सुरू झाला की पासिंगच्या कितीतरी वर भरलेले ट्रक शेतातून, पाणंदीतून कारखान्याकडे निघतात. एक चाक चरात, दुसरं बांधावर, वर उसाचा डोंगर. चेसीला पीळ बसतो आणि एखाद्या दिवशी केबिनच्या मागे साइड मेंबरला तडा दिसतो. आमचे वस्ताद तो तडा बघून सांगायचे, गाडी कोणत्या बाजूने खचली होती. तडा खालच्या पात्यावरून वर चढलाय की वरून खाली उतरलाय, यावरून. त्यांच्याकडे पट्टी मारून घ्यायला येणाऱ्यांची रांग असायची. पण पट्टीची टोकं सरळ काटकोनात कापून कुणी झाळून आणली असली, तर ते ट्रकमालकाला तोंडावर सांगायचे, "मालक, हितनंच तुटणार आता." आणि तिथेच तुटायची. पट्टी जिथे एकाएकी संपते तिथे सगळा ताण गोळा होतो. म्हणून तिची टोकं निमुळती कापायची आणि साइड मेंबरच्या पात्यांच्या कडांना वेल्डिंगचा थेंबही लावायचा नाही, ही त्यांची शिकवण. पुस्तकात ती मला फार नंतर सापडली.

छोट्या गाड्यांकडे वळलो तेव्हा वाटलं, हे त्याच ट्रकचं लहान पोर आहे. ते बऱ्याच अंशी खरंही आहे. मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली तेव्हापासून ते २०२० च्या नव्या थारपर्यंत मूळ मांडणी तीच: दोन लांब साइड मेंबर, त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, आणि या सांगाड्यावर रबरी माउंट ठेवून बोल्टने बसवलेली बॉडी. मारुतीची जिप्सी १९८५ ला आली तीही अशीच, आणि २०२३ ची जिम्नीही अशीच.

फसवणुकीची सोय याच मांडणीत आहे. साध्या मोटारीत बॉडी हाच सांगाडा असतो. पुढून मार बसला की पिलर हलतो, दरवाजा घासतो, बॉनेटची फट एका बाजूला रुंद होते, आणि डेंटरने कितीही मेहनत केली तरी कुठेतरी दाराची कड बोलतेच. जीपच्या जातीच्या गाडीत बॉडी वेगळी आणि चेसी वेगळी. बॉडीच्या बोल्टांना थोडी जागा असते, खाली वॉशर घालून उंची साधता येते, बॉडी अर्धा बोट इकडे-तिकडे सरकवता येते. चांगला डेंटर सगळ्या फटा सारख्या करून देतो. गिऱ्हाईक दरवाजे लावून बघतं, 'ठक्' असा गोड आवाज येतो, आणि खाली चेसीचं नाक डावीकडे की उजवीकडे वळलंय याचा त्या आवाजाशी काहीही संबंध नसतो.

म्हणून मी आधी गाडी बघतच नाही, कागद मागतो. त्यातही आरसीपेक्षा विम्याची पॉलिसी. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० असा चढत जातो. मालक म्हणतो गाडीला ओरखडासुद्धा नाही, आणि चौथ्या वर्षाच्या पॉलिसीत बोनसच्या रकान्यात शून्य. म्हणजे आदल्या वर्षी क्लेम झालाय, नाहीतर विमा मध्येच तुटलाय. दोन्हींपैकी काय, ते विचारायचं. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे नुकताच मालक बदलला असेल तर त्यावरून काही काढता येत नाही. आणि ५० टक्के बोनस दिसला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. बोनस वाचवायला खिशातून दुरुस्ती करणारे आणि त्यासाठी स्वस्तातला वेल्डर शोधणारे लोक मला चांगले ठाऊक आहेत.

दुसरी गोष्ट टोटल लॉसची. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि भंगार लिलावात जातं. लिलावातून ते उचलणारे सगळेच सुटे भाग विकायला उचलत नाहीत. एखादी थार अशी परत उभी राहते. म्हणून चेसीवर कोरलेला नंबर मी हाताने घासून, स्वच्छ करून, आरसीशी ताडून बघतो. अक्षरांची खोली सारखी आहे का, आजूबाजूला ग्राइंडर फिरलाय का, नंबरचा तुकडा चारी बाजूंनी झाळलाय का. यातलं काही दिसलं तर मी पुढे काही बघतच नाही. टेप, ओळंबा पिशवीतून काढायचं कारणच उरत नाही. ते काम पोलिसांचं आणि आरटीओचं.

गारगोटीकडचे एक हायस्कूलचे सर आले होते, त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्या गाडीत बघण्यासारखं सगळंच होतं. २०२१ ची डिझेल थार, हार्डटॉप, सांगलीजवळच्या एका डीलरकडे उभी. बाजारभावापेक्षा दीड लाखाने कमी. सरांबरोबर त्यांचे मेव्हणे होते, आणि गाडीचा खरा उत्साह त्या मेव्हण्यांना. डीलरने चहा मागवला आणि मला म्हणाला, "मिस्त्री, गाडी मख्खन हाय. पार्किंगमध्ये डंपर जरा टेकला म्हणून बंपर नवीन टाकलाय. खोटं बोलणार न्हाई तुमच्यासमोर."

हे वाक्य मला आवडतं. त्यात एक ठाम गोष्ट असते आणि ती तपासता येते. पार्किंगमध्ये टेकलेल्या गाडीवर कोणत्या खुणा असायला हव्यात आणि कोणत्या असूच नयेत, हे ठरलेलं आहे. बंपर नवा असणं त्या गोष्टीत बसतं. डावा दिवा उजव्यापेक्षा स्वच्छ असणंही बसवता येईल. ड्रायव्हरच्या सीटबेल्टची पट्टी मी पूर्ण बाहेर ओढली. खाली मुळाशी कापडी लेबल असतं, त्यावर बनवल्याची तारीख असते. गाडी २०२१ ची, लेबल २०२३ चं. बेल्ट उगाच कुणी बदलत नाही. जोराच्या धडकेत बेल्टमधला ताण देणारा भाग उडतो आणि बेल्ट निकामी होतो, तेव्हाच बदलतात. स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाचा काळा रंग डॅशबोर्डच्या काळ्याशी जुळत नव्हता. पार्किंगमधला डंपर आता बराच वेगात आला होता.

मी काही बोललो नाही. सरांना म्हटलं, गाडी वॉशिंग सेंटरला घेऊ. रॅम्प मिळतो आणि कुणाला राग येत नाही. फक्त धुवायच्या आधी वर चढवायची. धुतलेल्या गाडीपेक्षा मळकी गाडी बरी, हे मी सगळ्यांना सांगतो. आणि पावसाळ्याआधी कोकणाच्या बाजूला गाडीखाली काळं ऑइल आणि डिझेल फवारायची पद्धत आहे. गंज थांबवायला ती वाईट नाही, पण तशा गाडीखाली सगळंच एकसारखं काळं दिसतं. तशी गाडी असेल तर चिंधी आणि रॉकेल घेऊन बसावं लागतं.

या गाडीखाली ऑइल नव्हतं. मागचा निम्मा भाग कंपनीच्या फिकट काळ्या रंगात, दगडांनी टिपलेला, जागोजागी लालसर धूळ बसलेला. पुढचा डावा साइड मेंबर मात्र जाड चकचकीत कोटिंगमध्ये. उजवा तसा नाही, डावाच. खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढून मी कडेने खरवडलं. कोटिंगचा पापुद्रा निघाला आणि त्याच्या पोटात लाल माती. जांभ्याची, घाटाखालची. कारखान्यात मातीवर रंग मारत नाहीत. म्हणजे गाडी वापरात आल्यावर, चिखलात जाऊन आल्यावर, धुवायचाही कंटाळा करून कुणीतरी घाईत हे काळं फासलं होतं.

आता बोटांचं काम. डोळ्यांना चेसी सपाट दिसते, कारण डोळे समोरून बघतात. टॉर्च साइड मेंबरला चिकटवून तिरका धरायचा, उजेड पत्र्याला समांतर सरपटत गेला पाहिजे. आणि दुसऱ्या हाताची बोटं किंचित तेल लावून पत्र्यावरून ओढायची. बॉक्स मेंबर मुडपला की त्याच्या बाजूच्या भिंतीला सुरकुती पडते, कोपऱ्यावर छोटी चुणी येते. पुलिंग करून मेंबर सरळ केला आणि हातोडीने सुरकुती बसवली, तरी पत्रा पूर्वीसारखा होत नाही. त्याच्यात उथळ लाटा राहतात. पुढच्या चाकाच्या मागे, जिथे मेंबर वर चढायला लागतो, तिथे मला त्या लाटा लागल्या. सरांचा हात धरून त्यांना त्यावरून बोट फिरवायला लावलं. गणिताचे शिक्षक होते. दोनदा फिरवलं, मग उजव्या बाजूला जाऊन तिथे फिरवलं, आणि परत डावीकडे आले. मेव्हणे मोबाइल बघत होते.

एक सावधगिरी इथे सांगायला हवी. नव्या गाड्यांच्या चेसीच्या पुढच्या टोकांना कंपनीच मुद्दाम खाचा आणि दबलेल्या घड्या ठेवते. धडक बसली की मेंबर तिथून चुरगळावा, धक्का तिथेच खर्च व्हावा, म्हणून. त्या बघून घाबरलेले आणि व्हिडिओ पाठवून रात्री अकराला विचारणारे लोक असतात. घडी दोन्ही बाजूंना सारख्याच जागी, सारख्याच खोलीची असेल तर ती कारखान्याची. एकाच बाजूला असेल, किंवा एक घट्ट आणि एक सैल असेल, तर ती रस्त्यावर पडलेली.

मोबाइलला जोडायचा बारीक केबलचा कॅमेरा आता हजार-बाराशेत मिळतो. माझ्या मते टॉर्चनंतर हे सगळ्यात उपयोगी हत्यार. चेसीच्या गोल भोकातून तो आत सोडला. बाहेरून कितीही रंग मारा, बॉक्सच्या आत कुणाचा हात पोचत नाही. आत कंपनीचा करडा थर दिसत होता, आणि मग एका जागी तो संपून तपकिरी, पापुद्रे सुटलेला पट्टा. बाहेरून गॅसची ज्योत लावून पत्रा लाल केला होता, आतला थर जळून गेला होता, आणि दोन पावसाळ्यांचं पाणी त्या उघड्या लोखंडावर बसलं होतं. जुन्या जीपच्या साध्या पोलादाला तापवून सरळ करणं आमच्या वस्तादांच्या पिढीत सर्रास चालायचं, आणि ते सोसायचंही. आताच्या चेसीत जास्त ताकदीचं पोलाद असतं. त्याची ताकद कारखान्यातल्या प्रक्रियेतून आलेली असते. ते गॅसने लाल केलं की तेवढा पट्टा मऊ पडतो. गाडी सरळ दिसते, आणि पुढच्या धडकेत जिथे चुरगळायला हवी तिथे न चुरगळता त्या मऊ पट्ट्यावर मोडते. तो पट्टा नेमका ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायांच्या जवळ होता.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण "दिसतंय" आणि "मोजलंय" यात बाजारात फरक असतो, डीलरसमोर तर फारच. म्हणून ओळंबा काढला. गवंडी वापरतात तोच. सपाट फरशीवर गाडी उभी करायची, चाकं सरळ, टायरमध्ये हवा सारखी. चेसीवर दोन्ही बाजूंच्या जोडीच्या जागा निवडायच्या: पुढच्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटचा बोल्ट, मधल्या क्रॉस मेंबरचं भोक, मागच्या आर्मचा बोल्ट वगैरे, निदान चार जोड्या. प्रत्येक जागेवरून ओळंबा सोडायचा, तो शांत होऊ द्यायचा, टोक टेकेल तिथे खडूने फुली. मग गाडी बाजूला घ्यायची. फरशीवर उरतो तो चेसीचा नकाशा. त्याचे पुढचा, मधला, मागचा असे तीन चौकोन करायचे आणि प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजायचे. ज्या चौकोनाचे कर्ण जुळत नाहीत, वाक त्या चौकोनात. फक्त जागा जोडीच्या आहेत ना, एवढं डोकं वापरून ठरवावं लागतं. सायलेन्सरची किंवा डिझेल टाकीची ब्रॅकेट दोन्हीकडे सारखी नसतात. ती धरून मोजमाप केलं तर कारखान्यातून निघालेली नवी गाडीही वाकडी ठरेल.

कर्णांचं सांगितल्यावर सर जागे झाले. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. मागचा चौकोन, फरक १ मिलिमीटर. मधला, २. दोन-तीन मिलिमीटर मी सोडून देतो, त्यात खडूची जाडी आणि माझा हातही आला. पुढचा चौकोन, ११. त्यांनी मला न विचारता परत मोजलं. मग दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत. या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. उजवीकडे बरोबर २४५०, डावीकडे २४४३. नाक डावीकडे झुकलेलं आणि डावा मेंबर आखूड झालेला. शेवटी उंचीसाठी पाण्याची लेव्हल नळी लावली. तिच्यात फार काही निघालं नाही. वरखाली वाक नव्हता, आडवाच होता.

डीलर फुल्या बघून म्हणाला, "मिस्त्री, ह्या खडूच्या रेघांवर गाडी चालत न्हाई. हायवेला शंभरनं सोडा, हात काढा, सरळ जाते." तेही खोटं नव्हतं. मी चालवून बघितली होती, सरळ जात होती. अलाइनमेंटवाल्याने जेवढं फिरवता येतं तेवढं फिरवून तिला सरळ केलं होतं. त्याच्या रिपोर्टची प्रत मागितली तर ती नव्हती. असती तर डाव्या आणि उजव्या चाकाच्या कॅस्टर कोनातला फरक तिथे छापलेलाच असता, कारण तो या गाडीत सरळ करायला जागाच उरली नसणार.

मेव्हण्यांचा प्रश्न वेगळा होता आणि तो योग्य होता. "दीड लाख कमी आहेत. चेसीच बदलून टाकली तर?" चेसी बदलता येते. पण तिला आरटीओची परवानगी लागते, नव्या चेसीवर नंबर कोरून घ्यावा लागतो, आरसीवर ते येतं, आणि बॉडी उचलून इंजिनापासून ब्रेकच्या नळ्यांपर्यंत सगळं सोडवून परत जोडायची मजुरी दीड लाखात बसत नाही. शिवाय आपण घेतलेली गाडी उद्या आपल्यालाच विकायची असते. मी सरांना म्हटलं, डोंगरात उनाडायला, ट्रॅकवर ट्रेलरने नेऊन मोडायला कुणाला हवी असेल तर त्याने अजून लाखभर पाडून घ्यावी. तुम्ही घरच्यांना घेऊन बसणार. माझं मत नाही. टोकन परत मिळायला त्यांना बरेच हेलपाटे घालावे लागले, तो भाग सोडतो.

अपघात झालेली गाडी म्हणजे वाईट गाडी, असं मी कधीच मानलं नाही. तसं मानलं तर सह्याद्रीत चाललेली एकही जीप विकत घेता येणार नाही. या गाड्या मार खायलाच घेतात लोक. गोव्यात २०१४ ला सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतून आलेल्या गाडीखाली बघा. स्किड प्लेटवर लांबलचक खरचट्या, मधल्या क्रॉस मेंबरची खालची कड दगडावर बसून चेपलेली, पायदानाचे पाइप आत वळलेले. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण या जखमा खालून वर आलेल्या असतात, हळू वेगातल्या असतात, आणि त्या लपवलेल्या नसतात. खरवडलेल्या जागी गंजाची जुनी पुटं, त्यावर नव्या खरचट्या. मोजमाप केलं तर कर्ण जुळतात. अशा गाडीत मी वेगळ्या जागा बघतो. रिकव्हरीचा हुक जिथे लावलाय तिथे दोर झटका देऊन ओढल्याने मेंबरचं टोक उघडलंय का. विंचचा बंपर बसवताना चेसीला थेट वेल्डिंग केलंय की कंपनीच्या भोकांत बोल्ट घातलेत. मोठे टायर टाकले असतील तर स्टिअरिंग बॉक्स जिथे चेसीला बसतो तिथे केसासारखी बारीक चीर आहे का. हे दुरुस्त करता येतं, आणि नीट दुरुस्त झालेलं ओळखताही येतं. उलटलेली गाडी मात्र वेगळी. तिच्यात छताच्या आणि काचेच्या फ्रेमच्या बाजूने चेसीला पीळ शोधावा लागतो, आणि पिळासाठी कर्ण पुरत नाहीत, तिथे ती पाण्याची नळीच कामाला येते.

जुन्या जीपमध्ये क्रॉस मेंबर रिव्हेटने बसवलेले असतात. तिथे मी रिव्हेटची डोकी बघत जातो. सैल रिव्हेटखालून गंजाचा लालसर ओघळ उतरलेला असतो. आणि रिव्हेटच्या रांगेत मध्येच नटबोल्ट दिसला, तर तो कुणी, कधी आणि कशासाठी टाकला हे मालकाला विचारायचं. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सीत असे प्रश्न मी कमी विचारतो, कारण उत्तर देणारा माणूसच नसतो.

जिप्सीवरून आठवलं. राधानगरीच्या एका पोराने जिप्सी आणली होती, डीलरने नव्हे, त्याच्याच गावच्या गॅरेजवाल्याने तिला "चेसी वाकडी" ठरवलं होतं. गाडी खरंच तिरकी चालायची. मागून बघितलं की मागची चाकं पुढच्यांच्या रेषेत नाहीत हे कुणालाही दिसेल. मी रस्त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि गाडी त्यातून सरळ न्यायला सांगितली. मागच्या टायरचे ओले पट्टे पुढच्या पट्ट्यांच्या डावीकडे दोन बोटं. पण ओळंब्याचे तिन्ही चौकोन बरोबर. डावा व्हीलबेस मात्र २३७५ ऐवजी २३९०. चेसी ठीक आणि चाक मागे, म्हणजे मधे असलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांनीच दगा दिलेला. यू-बोल्ट सोडवले तर पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून दोन तुकडे, आणि ॲक्सल डाव्या बाजूने मागे सरकलेला. नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट, संध्याकाळपर्यंत गाडी सरळ. पोराने ती भंगारच्या भावात घेतली होती. मूळ मालकाला हे कळल्यावर तो त्याच्याशी बोलेनासा झाला असं ऐकलं.

सरांनी पुढे दिवाळीनंतर दुसरी थार बघितली, सावंतवाडीच्या एका माणसाची. मालक स्वतः गाडी घेऊन आला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, "आंबोलीत दरडीच्या दगडाक पुढून आदळली होती. बिलां ही घेवा." बंपर, रेडिएटर, बोल्टवर बसणारा पुढचा क्रॉस मेंबर, डावा दिवा. कंपनीच्या वर्कशॉपचं बिल, विम्याच्या सर्व्हेचे फोटो, दुरुस्तीनंतरचा अलाइनमेंटचा रिपोर्ट. फोटोत चेसीची टोकं उघडी दिसत होती, मी ती प्रत्यक्षातल्या टोकांशी ताडून बघितली. साइड मेंबरना कुणी हात लावला नव्हता. फुल्या मारताना सर मला जागा दाखवायला लागले होते. पुढच्या चौकोनात फरक २, व्हीलबेस दोन्हीकडे सारखा. बॉडी माउंटचे दोन रबर चिरले होते आणि डावा पुढचा टायर बाहेरच्या कडेने थोडा खाल्लेला होता.

तेवढ्यावरून सरांनी वीस हजार कमी करा म्हटलं. मालक बारावर अडला. मेव्हणे मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, हिचा तर अपघात झालाय, बिलंच आहेत की. त्या सांगलीवाल्याला नाही म्हटलात आणि हिला हो?" मी त्यांना रबर कुठे मिळतील त्या दुकानाचा पत्ता दिला. सौदा पंधरावर पटला, फॉर्म २९ आणि ३० तिथेच माझ्या टेबलावर भरले, आणि माझी मजुरी कोणी द्यायची यावर दोघांचं पुन्हा पाच मिनिटं झालं.